साडेसत्याहत्तरांतली अर्धी

— नाही नाही, ती पिशवी ठेव खाली, तो पुदिना आहे, पोट बिघडल्यावर घ्यायचा. आणि आधी मास्क नाकावर घे. माझा? माझा असू दे हनुवटीवर, मला दिवसभर बोलायचं असतं. काय म्हणालीस, अर्धी हवी? झालं! सकाळपासूनची तू नववी. ह्या टपरीत सत्याहत्तर प्रकारचा पाला टांगलाय, आजीच्या काळापासून आम्ही डोंगरातून आणतोय — त्याला कुणी विचारत नाही. सगळ्यांना अर्धी हवी. जूनमध्ये एन्योच्या सणाला पहाटे साडेसत्याहत्तर वनस्पती खुडायच्या, सत्याहत्तर ओळखीच्या रोगांना आणि अर्धी ज्या रोगाला नाव नाही त्याला — हे लहानपणी ऐकलेलं आख्ख्या गावाला आत्ता आठवलंय. म्हणे हाच तो बिननावाचा रोग! अगं, नाव नाही कसं? टीव्हीवर दिवसभर दुसरं नावच घेत नाहीत.

थांब, तू गेन्चोची इस्क्रा ना? सोफियाहून कधी आलीस? डोळ्यांवरून ओळखलं, बापाचेच डोळे. त्याच्यासाठी हवीय? ताप — सहावा दिवस? आणि दवाखान्यात जायचं नाही म्हणतो. “स्तोयनाकडून अर्धी आण, उकळून दे, उद्या उठून बसतो” — असंच म्हणाला ना? बघ, शब्द न् शब्द सांगितला. तीस वर्षं गावची बस चालवली त्यानं, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधी वळला नाही. दवाखान्याचं नाव काढलं की थुंकत असेल. सगळेच थुंकतात. तिथे गेलेला माणूस फोटो होऊन परत येतो म्हणतात, दारावर नि विजेच्या खांबावर चिकटवलेल्या निधनाच्या कागदावरचा फोटो. खोटं कसं म्हणू? आमच्या गल्लीच्या खांबावर ह्या नोव्हेंबरात जागा नाही उरली, एकावर एक चिकटवतायत.

पण माणसं भारी मजेशीर असतात हं. ती समोरची औषधवाली, काचेचं दुकान आहे ना, ती — दोन वर्षांपूर्वी मला गवतवाली म्हणायची. “गवतवालीला बाजाराच्या पलीकडे हलवा, माझं गिऱ्हाईक शिंकतं.” एप्रिलमध्ये तीच मागच्या दारानं आली, रानओवा दे म्हणाली, दोन किलो. स्वतःला नको हं, शेजारणीला! आणि डॉक्टर पानायोतोव्ह — सकाळी रेडिओवर बजावतात, पाल्यानं काही होत नाही, फसू नका. संध्याकाळी त्यांची बायको माझ्याकडून लिंडनची फुलं नेते. म्हटलं, डॉक्टरांना नमस्कार सांगा. तर म्हणाली, “अगंबाई, त्यांना कळता कामा नये!” — आणि ते तिथेच, गाडीत, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. उलटं. वर्तमानपत्र उलटं धरलेलं गं! मग मी कुणाच्या बाजूची? कुणाच्याच नाही. मी विकते. विकणाऱ्या बाईला मतं परवडत नाहीत.

तुझ्या बापाला माझ्यावर एवढा विश्वास का, ठाऊक आहे ना? ते जूनमधलं, एन्योच्या सणाचं पाल्याचं कडं. तू नव्हतीस तेव्हा. नगराध्यक्ष स्वतः आले होते इथे, “स्तोयना, लोक घाबरलेत, यंदा कडं मोठं कर.” केलं. धिप्पाड माणूसही जाईल एवढं कडं विणलं, साडेसत्याहत्तरच्या साडेसत्याहत्तर घालून. एरवी म्हाताऱ्या यायच्या, लेकुरवाळ्या यायच्या, वर्षभराचं आरोग्य मागून कड्यातून जायच्या नि घरी. यंदा? चारशे माणसं! ढोल काय, नाच काय, हातात हात काय. मास्क? आरोग्याच्या कड्यातून जाताना मास्क कोण लावतं? मी प्रत्येकाच्या डोक्यावरून कडं खाली उतरवायचे, पायांशी आलं की त्यानं बाहेर पाऊल टाकायचं, मी गालाचा मुका घ्यायचा, की पुढचा. चारशे तोंडं त्याच पाल्याला घासून गेली. पंधरा दिवसांत निम्मं गाव अंथरुणात. आणि उठल्यावर काय म्हणाले? “कड्यातून गेलो म्हणून थोडक्यात निभावलं!” आणि जे उठले नाहीत ते? ते म्हणे नीट गेले नसतील, खांदा अडकला असेल.

त्सेनाचा खांदा नव्हता अडकला. माझी वहिनी, थोरल्याची बायको. तिनं त्याच सकाळी केस करून घेतले होते, विस्कटू नयेत म्हणून मी कडं अगदी सावकाश उतरवलं होतं. तिच्या दारावरचा कागद मीच चिकटवला. फोटोत केस तेच.

आणि तुझा बाप दोनदा गेला. रांगेत पुन्हा घुसला, लबाड! त्याला काही म्हणजे काही झालं नाही. साधी शिंक नाही. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो, स्तोयनाच्या हाताला गुण आहे.

बरं, देते, देते. आधी सांग, श्वास कसा आहे? नाही, खोकला नाही विचारला, श्वास. पलंगापासून मोरीपर्यंत जातो? — मधे बसतो? दोनदा? ओठ बघितलेस? नखं? — निळसर? आणि हे तू आत्ता सांगतेस? मी इतका वेळ वर्तमानपत्राच्या गोष्टी सांगतेय तुला!

नाही. देत नाही. आहे की, ती वरची बरणी, भरलेली आहे. पण आत काय आहे विचार. आजी डोळे मिटून मूठभर खुडायची, हाताला येईल ते, तीच अर्धी. मीही तसंच करते. शेळीसुद्धा तोंड लावणार नाही असलं काहीतरी. त्याला सांग, स्तोयनानं दिली नाही. — हो, नाहीच ऐकायचा. म्हणेल, संपली असेल, उद्या जा. उद्या! मग त्याला सांग... थांब. सांग की कड्याच्या दिवशी स्तोयनाला खोकला होता.

हो. मला. चार दिवसांचा. रानओव्याचा काढा पिऊन उभी राहिले, खोकला आला की ढोलवाल्याकडे तोंड फिरवायचे. एकीनं विचारलं, तर म्हटलं, पराग गेला घशात. वाटलं, एवढ्याशानं काय होतंय, लोक वाट बघतायत, नगराध्यक्ष आलेत, जन्मात पहिल्यांदा आख्खं गाव माझ्यापुढे वाकतंय. हे मी कुणाला बोलले नाही. चर्चमध्ये नाही. भावाला तर नाहीच — भाऊ दर रविवारी माझ्याकडे जेवतो गं, माझ्या हातचं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. रड नंतर. जा आणि त्याला सगळं सांग, खोकला सांग, ढोलवाला सांग, कड्याचा गुणबिण काही नव्हता, तू नुसता नशिबानं वाचलास म्हणावं. भडकेल. मी ओळखते त्याला, तसाच उठेल मला जाब विचारायला — उठू दे! आधार दे, जिना उतरव, गाडीत बसव, माझ्याकडे आणतेय म्हण, आणि गाडी सरळ दवाखान्यात घाल. तिथून मला वाट्टेल त्या शिव्या घालू दे. आयुष्यभर घालू दे. आयुष्यभर, कळलं ना तुला? मग उभी काय राहिलीस? पळ!