धुण्याच्या खोलीचं माप

अहो, टेप तिकडं नका लावू, इस्त्रीचा रोलर गरम आहे अजून — हात भाजेल आणि मग म्हणाल, लाँड्रीतल्या बाईनं मुद्दाम सांगितलं नाही. मापं घ्यायचीत तर घ्या, मी कोण अडवणार? पण कोणाकडून आलात ते तरी सांगाल की नाही? ‘ऑफिसनं पाठवलंय’ — ते तर सगळेच म्हणतात. मागं एकजण आला होता, म्हणे पंखे तपासायचेत, आणि पंख्याकडं एकदा तरी वर बघावं ना त्यानं? नुसता आमच्याकडं बघत होता, कोण बसतंय, कोण बोलतंय. आठ दिवसांत कळलं, हॉस्पिटलचं सगळं धुणं बाहेर देणार — चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं कंपनीची गाडी नेणार आणि कंपनीच धुऊन आणणार. म्हणजे पंखेवाला काही पंख्यांचा नव्हता. मग टेपवाला तरी टेपचाच कशावरून? हसू नका. आणि त्या गाठोड्यावर बसू नका, वॉर्डातून आलंय ते, न धुतलेलं — ते स्टूल घ्या.

मी इथली इन्चार्ज. बातमी कळली तशी सगळ्या बायकांना मीच गोळा केलं, ह्याच टेबलाशी. म्हटलं, कंपनीकडं कोणी जायचं नाही. सगळ्या एकदम अडून बसलो तर धुणं बाहेर जातंच कसं ते बघू, पण एक जरी फुटली तर बाकीच्या रस्त्यावर. सगळ्या हो म्हणाल्या. नणंद तर सगळ्यांत आधी — हो, माझी सख्खी नणंद, इथंच आहे कामाला. ते शिलाईचं मशीन तिचं, फाटलेल्या चादरी शिवते. आत्ता स्टोअरला गेलीय, दोरा आणायला. दोरा आणायला एवढा वेळ लागतो? तुम्हीच सांगा. पाणी कुठंतरी मुरतंय, मला दिसतंय ना. परवा सायकल स्टँडपाशी कंपनीचा माणूस तिच्याशी बोलत होता — तो हो, चकचकीत बुटांचा — आणि ही आपली मान हलवतेय. आता ती मान उभी हलत होती की आडवी, ते लांबून कळलं नाही, चष्मा टेबलावर राहिला होता. संध्याकाळी विचारलं, तर म्हणते, “वहिनी, सुपरवायझर करतो म्हणाला, मी नाही सांगून टाकलं.” सांगून टाकलं! इतकं सोपं असतं का हो? तो काय गोड बोलतो! आधी बसा म्हणतो, मग घरचं विचारतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, ताई, तुमच्या मालकांच्या आजाराचं मला ठाऊक आहे, ती काळजी माझ्यावर सोडा — अशा वेळी तोंडातून नाही निघतं का? माझ्या तरी कुठं —

ते टेपचं करकर थांबवा आधी. काय? मी कुठं काय म्हटलं? बरं, भेटले. भेटण्यात काय आहे? आणि त्याच्या कागदावर सही केली म्हणजे काय, लगेच उद्यापासून जायचंय थोडंच... असे बघू नका. तुमच्या घरी कोणी आजारी आहे? नाही ना? मग. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, इथंच, वरच्या मजल्यावर — मी नोकरीत आहे म्हणून फुकट होतं. नोकरी गेली की तेही गेलं. मशीनवरून उठतात तेव्हा माणूस नुसता पिळून काढल्यासारखा असतो, घरापर्यंत माझ्या खांद्यावर भार टाकून येतात, आणि वर मलाच विचारतात, दमलीस का गं? नणंदेचा तर तो सख्खा भाऊ. म्हणून मी म्हटलं, हिनं भावासाठी सही केलीच असणार आणि माझ्यापासून लपवतेय — मग मी का मागं राहू? ती गेली असं धरूनच मी गेले. आता ह्यात माझं काय चुकलं? आणि त्यानं शब्द दिलाय मला — “ताई, डायलिसिस फुकटच राहील, ऑफिसशी बोलून ठेवलंय.” लेखी नाही. लेखी मागायला जीभ रेटली नाही.

काय काढताय ते? बघू. ह्या नकाशावर हे चौकोन कसले? पलंग? लाँड्रीत पलंग? — काय म्हणालात? डायलिसिस? इथं? बरं होईल की, ह्यांना जिना चढवत नाही हल्ली... नव्या मशिनी, बरं. हॉस्पिटलच्याच ना? मग कोणाच्या? अहो, धुणं नेणारी कंपनी कशाला मशिनी — दुसरी? दुसरीच कंपनी? म्हणजे डायलिसिससुद्धा बाहेर दिलं? कधी ठरलं हे? आणि वरच्या जुन्या मशिनी? ...आणि आमच्या घरच्या माणसांचं? तुम्हाला ठाऊक नाही. बरोबर, तुम्ही फक्त मापं घेता.

म्हणजे त्या बुटवाल्यानं मला दिलं ते त्याच्या हातात नव्हतंच. ऑफिसच्याही हातात राहिलं नाही. आणि त्याला हे माहीत नसेल? असणारच. बोलताना सारखं घड्याळ बघत होता —

गप्प बसा, ही आली. — काय गं, एवढा वेळ? कोणी नाहीत, रंगाची मापं घेतायत भिंतींची. दोरा कुठाय? स्टोअरला नव्हतीस? मग? ऑफिसात, साहेबांकडं? सगळ्याजणी? मला न विचारता? ...हो गं, मी कशाला रागावू. काय म्हणालीस त्यांना? “आमच्या वहिनीच्या शब्दाबाहेर एकही बाई जायची नाही” — असं म्हणालीस? सगळ्यांसमोर? आणि साहेब?

हसले?

मला काय ठाऊक का हसले. — तुम्ही जा हो आता. झाली ना मापं? मग उठा. जा म्हणते ना!