दोन नंबरच्या गल्लीतली बरोबर फेक

नाव: भिंगरी. सगळे याच नावाने हाक मारतात. कागदावरचं नाव साहेबांनी ओळखपत्रावरून वेगळं उतरवून घेतलं आहे. वय: बावीस, तेवीसही असेल. धंदा: वेटर, गेले आठ महिने. त्याआधी बर्फाचा कारखाना, टेम्पोवर क्लीनर, बोटींना रंग देणं. राहणार: हॉटेलच्या माळ्यावर, कोरड्या सामानाच्या खोलीशेजारी.

मला कोणी बोलावलेलं नाही. आज संध्याकाळी साडेसात वाजता आपल्या पायांनी ठाण्यात आलो आणि अंमलदार साहेबांसमोर बसून सांगतो की,

मी काम करतो त्या हॉटेलात जेवण आणि कुऱ्हाडफेक एकत्र आहे. पूर्वी तिथे टायरचं गोदाम होतं, अजून पावसाळी हवेत रबराचा वास येतो. तीन गल्ल्या आहेत. गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी, समोर लाकडी फळी, फळीवर रंगीत गोल, बारा फूट अलीकडे जमिनीवर पांढरी रेघ. रेघेच्या मागे जेवणाचं टेबल. गिऱ्हाईक दोन घास खातं, उठतं, कुऱ्हाड फेकतं, परत येऊन बसतं. लोकांना हे इतकं आवडतं की सुट्टीच्या दिवशी बाहेर बाकं टाकावी लागतात. मी बोटींवर होतो तेव्हा तिथला रंगारी म्हणायचा की माणसाला जेवताना काहीतरी मोडायला दिलं की तो जास्त खातो. साहेब म्हणाले, रंगारी राहू दे.

गिऱ्हाइकांना फेकायला शिकवतात ते मास्तर. वय पन्नाशीच्या पुढे, मूळचे सुतार. फळ्या चिरतात म्हणून दर आठवड्याला नव्या फळ्याही तेच बसवतात. त्यांचं शिकवणं ठरलेलं: "दोन्ही हात. मनगट सरळ. डावा पाय रेघेला. आणि कुऱ्हाड फेकायची नाही, सोडायची." हे ते दिवसातून शंभर वेळा म्हणतात. माळ्यावर झोपलो तरी मला ऐकू येतं.

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक खुंटी आहे, तिला लाल एप्रन टांगलेलं असतं. कुऱ्हाडी उपटायला जो आत जाईल त्याने एप्रन घालून जायचं. खुंटी रिकामी म्हणजे आत माणूस आहे, हात खाली. ही पद्धत मास्तरांनीच घालून दिली. जेवणाच्या गडबडीत ओरडलेलं ऐकू जात नाही, रिकामी खुंटी मात्र दिसते, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक बसलं की पाणी देण्याआधी आम्ही हेच सांगतो.

आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दोन नंबरवर चौघं आली. एक धिप्पाड गृहस्थ, त्यांची बायको, बायकोचा भाऊ आणि भावाची बायको. भावाला बढती मिळाली होती म्हणून जेवण. भाऊ त्या गृहस्थांना दाजी म्हणत होता, मला दुसरं नाव माहीत नाही, म्हणून या जबाबात मीही दाजीच म्हणतो. खुंटीचा नियम मी सांगितला. दाजी म्हणाले, "कळलं रे, शाळेत नाही आलो."

दाजींच्या पहिल्या सहा फेकींपैकी एकही फळीत रुतली नाही. दोन जाळीला लागल्या, एक तर परत टेबलाकडे घरंगळत आली. मेहुणा हसून म्हणाला, "दाजी, फळी समोर आहे. आमच्या ताईवर राग असेल तर सरळ सांगा!" ताई हसल्या. मग मेहुण्याच्या बायकोने पहिल्याच फेकीत कुऱ्हाड मधल्या गोलात बसवली. मास्तर म्हणाले, "वा वहिनी! आता साहेबांना शिकवा, माझा घसा वाचेल." सगळे हसले. मीही हसलो. मी हसलो ते दाजींनी पाहिलं.

एक चाळीसला मी सूप घेऊन गेलो. दाजी म्हणाले, "हसतोस कुणाला?" मी म्हटलं, कुणाला नाही. त्यांनी माझ्या कानाखाली मारली. ट्रे उलटला, चार वाट्या सूप माझ्या शर्टावर. सूप गरम होतं. ताई म्हणाल्या, "अहो, काय करताय!" दाजी त्यांना म्हणाले, "तू गप बस." मेहुणा प्लेटमध्ये बघत होता.

मास्तर आले. त्यांनी खुंटीवरचं लाल एप्रन काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. "ओल्याने फिरू नकोस, लेका. शर्ट बदलून ये, मग परत टांग." दाजींना ते एवढंच म्हणाले, "साहेब, हात उचलायचा असेल तर फळीवर उचला." आवाज चढवला नव्हता.

मी माळ्यावर जाऊन शर्ट बदलला. इथे चूक माझी आहे, ती सांगतो. एप्रन परत टांगायला खाली निघालो तर तीन नंबरच्या आजींनी अडवून विचारलं, बाळा, लागलं का रे, गाव कोणतं तुझं? मी सांगत बसलो. बर्फाचा कारखाना सांगितला, तिथल्या लाद्यांवर आम्ही कसे घसरायचो ते सांगितलं. एप्रन माझ्या अंगावरच होतं. वीस मिनिटं दोन नंबरची खुंटी रिकामी होती आणि त्या वीस मिनिटांत सगळे फेकतच होते. रिकाम्या खुंटीकडे बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मास्तर एक नंबरवर शिकवत होते, त्यांचंही लक्ष नव्हतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी दोन नंबरच्या फळीत मेहुण्याच्या दोन कुऱ्हाडी अडकल्या. त्या उपटायला मास्तर निघाले. दाजी वाटेत उभे होते. मास्तर म्हणाले, "जरा वाट द्या साहेब." दाजींनी त्यांना छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. मास्तर जाळीवर आपटले, भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं ते त्यांनी बाहीने पुसलं आणि आत गेले. सवयीने त्यांचा हात खुंटीकडे गेला होता, हे मी तीन नंबरवरून पाहिलं. खुंटीवर काही नव्हतं.

साहेब सांगतात, हॉटेलच्या मालकांचे वकील चार वाजता इथे ठाण्यात येऊन गेले. त्यांचं म्हणणं, खुंटी वीस मिनिटं रिकामी होती आणि फेकणं चालूच होतं, त्यामुळे आत माणूस आहे हे दाजींना कळण्याचा मार्ग नव्हता, हा अपघात आहे. त्यावर मी सांगतो की दाजींनी मास्तरांना आत जाताना पाहिलं. मास्तर पाठमोरे झाले, एक पाय फळीला लावून कुऱ्हाड उपटायला लागले, तोवर दाजी थांबले. मग त्यांनी डावा पाय रेघेला लावला. दोन्ही हात. मनगट सरळ. फेकली नाही, सोडली. ताई ओरडल्या ते त्याच्या आधी, नंतर नाही.

आज दाजींची तेवढी एकच फेक बरोबर बसली.

कुऱ्हाड मास्तरांच्या उजव्या खांद्यामागे अर्ध्या पात्यापर्यंत शिरली. लाकडात शिरते तेव्हा आवाज कोरडा येतो. हा तसा नव्हता. मास्तर फळीला धरून गुडघ्यावर आले. त्यांचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. कोणीतरी टाळी वाजवली, एक नंबरवरून, तिकडून जाळीतून नीट दिसत नाही.

दाजींनी दुसरी कुऱ्हाड उचलली. ती फेकायला की खाली ठेवायला, मला सांगता येणार नाही. साहेबांनी हे दोनदा विचारलं, दोन्ही वेळा माझं उत्तर हेच आहे.

तीन नंबरच्या टेबलावर नुकताच सिझलर आला होता. लाकडी पाटावर लोखंडी तवा, तव्यात बटाटे तडतडत होते. तो पाटासकट उचलायचा असतो. मी नुसता तवा उचलला. पहिला घाव दाजींच्या जबड्यावर बसला, कुऱ्हाड तिथेच पडली. दुसरा तोंडावर. तेव्हा ते खाली बसत होते. तिसरा मारला तेव्हा ते पूर्ण खाली होते आणि हात डोक्यावर घेऊन "नको" म्हणत होते. तिसऱ्याची गरज नव्हती. लिहून घ्यावं. ताई माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या, त्या नंतर कळल्या.

दवाखान्याची गाडी आणि हवालदार अडीच वाजता आले. मास्तरांना पालथं झोपवून नेत होते, दाजींना बसवून. हवालदारांनी विचारलं, तवा कुणी मारला? मास्तर स्ट्रेचरवरून म्हणाले, "मी मारला. घ्या लिहून." मी दोन हात अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी काही बोललो नाही.

मॅनेजर मला मागच्या दाराशी घेऊन गेले. म्हणाले, "म्हाताऱ्याने अंगावर घेतलंय, त्याचं सोनं कर. तुझ्या नावाचा इथे एक कागद नाही. निघ." मी म्हटलं, मास्तरांना शिक्षा होईल. ते म्हणाले, "जखमी माणूस आहे, सांभाळून घेतील."

मी निघालो. असा मी बऱ्याच ठिकाणांहून निघालो आहे, त्यात मला काही वाटत नाही. साडेचारच्या बसमध्ये बसलो, पाटी वाचली नाही. शेजारच्या माणसाकडे कोंबडीची पिल्लं होती, खोक्याला भोकं पाडलेली. एका नाक्यावर उतरलो आणि मागे चालत आलो. दवाखान्यात गेलो, आत सोडलं नाही. दारावरच्या नर्सताईंनी सांगितलं की खांद्याची शीर तुटली आहे, तो हात आता कामाचा राहील असं वाटत नाही. मास्तर सुतार आहेत हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग डाव्याने शिकावं लागेल." तिथून सरळ इथे आलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की मास्तरांचा कबुलीचा कागद खोटा आहे, तो बाजूला ठेवावा. तशा खांद्याने तवा उचलता येत नाही. शिवाय त्यांचे दोन्ही तळहात डॉक्टरांकडून बघून घ्यावेत. त्यांच्यावर सुताराचे जुने घट्टे सापडतील, भाजल्याची खूण सापडणार नाही.

वरचा मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "तिसऱ्याची गरज नव्हती" हे वाक्य गाळायचं का, असं त्यांनी विचारलं. मी ठेवायला सांगितलं. बाकी सगळं मी बोललो तसंच उतरलं आहे, कोणी शिकवलेलं नाही. सही डाव्या हाताने केली आहे, म्हणून वाकडी आहे. उजव्या तळहाताला बोटांच्या मुळापर्यंत फोड आहेत आणि पेन धरता येत नाही. तो हात साहेबांना आणि दोन पंचांना उघडून दाखवला आहे.