डाव्या हाताचे पक्षी

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“प्रदर्शन काय, पुढच्या वर्षीही होईल की!”

“ताई, मणी रंगवून झालेत. फक्त ओवायचे राहिलेत.”

“रंगवलेस कधी?”

“पडल्यावर. डाव्या हातानं.”

“बघू. अगं, मण्यांवरचे सगळे पक्षी तिरके आलेत!”

“वारा सुटलाय तिकडे.”

“आणि तार कशी वळवतेस?”

“दातात धरून.”

“म्हणजे आता दातांचा डॉक्टर शोधा! आण ती तार इकडे. मी धरते, तू मणी घाल.”

“ताई, आपला नंबर पुकारला.”

“सिस्टर, या शेजारच्या बाईंना घ्या आधी. आमचा हार राहिलाय.”