चपलांचं खातं

…तर अनवाणी! मी, रिटायर सुभेदार जगदेवराव, ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातून कंपू मोहल्ल्यापर्यंत भर रस्त्यानं अनवाणी घरी आलो, आणि वर हे लोक मलाच म्हणतात, "जगदेवराव, जरा समजून घ्या, विलीनीकरण झालंय!" अहो, विलीनीकरण मला शिकवता? ग्वाल्हेर संस्थानाचा मध्यभारत झाला, माझी पलटण हिंदुस्थानच्या फौजेत गेली, आता नोव्हेंबरात मध्यभारताचा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार… सगळं सोसलं! पण गणपतीच्या आरतीला घातलेले नवेकोरे जोडे?

तुम्हाला सांगतो, खासगी बाजारात आमचे दोन गणपती. एक आम्हा फौजवाल्यांचा, एक भटजी-कारकून मंडळींचा. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं, देश एक होतोय, आपणही एक होऊ. व्हा की! पण पद सोडेल तर शपथ! दोन अध्यक्ष, चार उपाध्यक्ष, चिटणीस तर विचारूच नका. मग काटछाट कुणाची? लक्ष्मीकांतची!

लक्ष्मीकांत म्हणजे आमच्या शेजारच्या राजलक्ष्मीबाईंचा मुलगा. बावीस वर्षांचा बाप्या, पण डोकं जरा सावकाश चालतं. एका वेळी एक गोष्ट सांगा, चोख करतो. दोघं एकदम बोलले की बावरतो, कान झाकून घेतो. तर मांडवाबाहेर चपला सांभाळायचं काम वर्षानुवर्षं त्याचं. इस्त्रीचा सदरा घालून निघायचा, "आई, मी ड्यूटी पे चाललो!" वर्षातले दहा दिवस का होईना, चार माणसांसारखं पोराला कामावर जायला मिळायचं.

तेच काढून घेतलं! आणि दोन अध्यक्षांतले एक, रघुनाथराव वकील, अशी मान तिरपी करून, "हे पाहा, आम्ही त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. सहानुभूतीचा ठराव पास केलाय. पुढच्या ओळीत खुर्ची दिली आहे." खुर्ची! पोरगा त्या खुर्चीत बसून आरतीभर मान वळवून चपलांकडे बघतोय, डोळे भरलेले… आणि हे आपले, विलीनीकरण झालंय!

बरं, चपलांवर कोण? तीन शिकलेसवरलेले स्वयंसेवक. फोटोवाला आला, तिघंही फोटोत! बाहेर जोड्यांचा हा ढीग, ही झुंबड, ज्याला जे सापडलं ते पायात… माझ्या वाट्याला दोन चपला आल्या, दोन्ही डाव्या, त्यातली एक बाईमाणसाची. घालू?

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांतला घेऊन मीटिंगमध्ये घुसलोच. म्हटलं, जोडे गेले चुलीत! या पोराला कुणी विचारलंय का, बाबा रे, तुला काय पाहिजे? रघुनाथराव म्हणाले, "अहो, त्याला काय कळतंय…" म्हटलं, तुम्ही थांबा, तो बोलेल! लक्ष्मीकांत उठला. कितीतरी वेळ सदऱ्याचं बटण चाचपत राहिला. मग म्हणाला, "खुर्ची नको. काम पाहिजे."

काय चुकीचं बोलला, सांगा ना?

रघुनाथरावही वरमले. "ठीक है, ठीक है, बसू द्या त्याला चपलांवर. पण गर्दी अंगावर आली की तो गोंधळतो. सोबत कुणी जबाबदार माणूस नको?" आणि एकदम सगळ्या माना माझ्याकडे! का, तर अख्ख्या मंडळात बिनपदाचा मी एकटाच! विलीनीकरण, दुसरं काय!

तर आता रोज संध्याकाळी हा सुभेदार चपलांच्या खात्यात. काम एवढंच, लोकांना एकेक करून पुढं सोडायचं. पहिल्याच दिवशी मी परेडवरचा आवाज काढला, "लाइनीत या! एकेक!" तर लोकांच्या आधी लक्ष्मीकांतनंच कान झाकले. मग उठून जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि समजुतीच्या सुरात म्हणतो कसा, "काका, आरडू नका. मला सुचत नाही. तुम्ही नुसते उभे राहा ना."

नुसता उभा! ज्याच्या आवाजानं घोडे बुजायचे तो तोंड मिटून उभा! आणि कमाल बघा, लोक खरंच एकेक येतात, आपापला जोडा घेऊन मुकाट जातात. आता काय बोलणार? म्हणून तर मघापासून तुम्हाला धरून ठेवलंय, काय ते इथंच बोलून घेतो… तिथं आमच्या साहेबांना आवाज चालत नाही.