मृदंग्याची वाट

(बदलापूर, मांजर्ली. घरामागची बाग. टेम्पोतून उतरवलेले लाकडी खोलीचे सुटे भाग भिंतीला टेकवलेले. सासरे कोंडाजी आणि सून अंजनी.)

कोंडाजी : तो ठोकळा ठेव खाली, अंजनी. ये, माझ्याजवळ बस. एक आख्यान सांगतो, मग खुशाल भांड.

अंजनी : मामंजी, तुमचा पूर्वरंग संपेस्तोवर उजाडेल, आणि सकाळी हे खोली जोडायला घेणार. एवढंच सांगा, खोलीच्या पायाला मी रचलेले ठोकळे का काढले? एकाच थरावर लाकडी खोली? पुराची रेघ बघा भिंतीवर, स्विचबोर्डाला टेकलीय.

कोंडाजी : मला दाखवतेस? तू या घरात यायच्या आधीची ती रेघ. मी त्या पाण्यात उभा होतो.

अंजनी : मग तर तुम्हाला कळायला हवं. नदी परत आली की अख्खी खोली तरंगत उल्हासनगरला, जिथून विकत घेतली त्या कॅम्प चारच्या शेठकडे रिटर्न.

कोंडाजी : जाईना का. शेठ मनाचा मोठा आहे. विकताना म्हणाला, ‘चाचा, स्क्रू कसो, खोली तय्यार.’

अंजनी : विषय बदलू नका. म्हणे भजनासाठी खोली. भजन तर ओटीवर होतंच की दर सोमवारी.

कोंडाजी : होतं. मृदंगाशिवाय.

अंजनी : म्हणजे?

कोंडाजी : मागच्या गल्लीतला हिंदुराव ठाऊक आहे?

अंजनी : ते काठीवाले? सोमवारी फाटकाबाहेर उभे राहून ऐकतात. चहाला बोलावलं तर निघूनच गेले. मला वाटलं, तुमचं काही वाजलंय.

कोंडाजी : वाजायचं काय त्यात. पुरात तुझ्या सासूला, बनूला, त्यानं खांद्यावर घेऊन समोरच्या गच्चीत पोचवलं. मला न्यायला परत आला आणि गटारात पाय गेला. तेव्हापासून गुडघा वाकत नाही. ओटीच्या पायऱ्या चढणं संपलं.

अंजनी : दोघांनी धरून आत घ्यायचं.

कोंडाजी : घेतलं एकदा. म्हणाला, ‘कोंडाजी, मृदंग उचलून आणतात, मृदंग्याला नाही.’ शिवाय शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात ना? लोक त्याच्या पायाशी वाकताहेत आणि हा खांबासारखा ताठ. डोळे भरले त्याचे. पुन्हा आला नाही.

अंजनी : म्हणून एकच थर.

कोंडाजी : म्हणून एकच थर.

अंजनी : पण मामंजी, इतक्या खाली, ओलीत मृदंगाच्या चामडी पुड्या सादळतील. मग ते येऊन वाजवणार काय?

कोंडाजी : हे मात्र मला सुचलं नाही.

अंजनी : मघापासून एक बघतेय. या दोन लांब जाड फळ्या कशातच बसत नाहीत. कुठल्या या?

कोंडाजी : त्या खोलीच्या नव्हेत. टेम्पोतून सामान यांच्यावरून घसरवत उतरवलं. शेठची पोरं विसरून गेली वाटतं.

अंजनी : मग झालं की. ठोकळे माझे, उंच. आणि या फळ्या दारापासून खाली, लांबवर. पायरीच नको. ही बघा, ठोकळ्यांवर टेकवली. गुडघा न वाकवता चढून दाखवा बरं.

कोंडाजी : असा? बगळ्यासारखा दिसतोय का गं?

अंजनी : दिसताय. पण चढलात. आडव्या पट्ट्या ठोकू, काठी सरकणार नाही.

कोंडाजी : आणि पाया पडायचं?

अंजनी : या खोलीत उराउरी भेटायचं. सगळ्यांनीच.

कोंडाजी : बुवांच्या वरताण बोललीस. आता माझं एक मागणं. शेठला म्हणावं, फळ्या काही परत मिळायच्या नाहीत. आणि मी गेल्यावर कुणी म्हणेल, हा उतार वाटेत कशाला. तेव्हा बनू कुणाच्या खांद्यावरून गच्चीत गेली, तेवढं आठव.