देसाईकाकांची बिनविरोध परंपरा

देसाईकाकांना माइक दिसला की गप्प बसवत नाही. मी कॉलेज सोडलं, तेव्हा माझ्या वाया जाण्यावरही ते मराठी मंडळाच्या स्टेजवरून बोलले होते!

इथे आखातात, जाब्रियाच्या दवाखान्यात काकूंबरोबर काम करणारी मर्सी नावाची नर्स आहे. केनियातल्या तिच्या गावच्या बायकांनी निवडणूक लढवावी म्हणून ती दर शुक्रवारी मोबाइलवरून लाइव्ह कार्यक्रम करते. कॅमेरा माझ्याकडे. परवा ती काकूंकडे जेवायला आली होती, म्हणून तिथूनच लाइव्ह लावलं. काका लगेच घुसले आणि इंग्रजीत सुटले, "आमच्या मंडळात स्त्रीला देवीचं स्थान आहे!"

केनियातून एका बाईने विचारलं, "मग अध्यक्ष कोण आहे?"

"मीच. दरवेळी बिनविरोध."

"आणि बायका?"

"त्या जेवणाचं बघतात. आम्ही अडवत नाही हो, त्याच उभ्या राहत नाहीत."

मर्सी मला म्हणाली, "कॅमेरा किचनकडे फिरव." मी आनंदाने फिरवला.

काकू हातात झारा घेऊन पुढे आल्या. सगळ्यांना कळावं म्हणून त्याही इंग्रजीतच बोलल्या, "मागच्या वेळी मी उभी राहते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, बिनविरोधची परंपरा मोडू नकोस. यंदा मोडणार. मी उभी आहे."

मोबाइलवर बदामांचा पाऊस पडला. काका माझ्यावर खेकसले, "गाढवा, बंद कर ते!"

"करतो काका. फक्त त्यांना काय सांगू? त्या बायका विचारतायत, काकूंच्या प्रचाराला कधीपासून लागायचं?"