शनिवारची होडी

महिपत : दादूशेठ, रद्दीवाला बसू दे फाटकात. आधी होडी उतरवून बघू.

दादू : काका, हा लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना. मिरजोळ्यात होडी कुठून आणू?

महिपत : मी जहाजावर होतो तेव्हा लाइफबोट शनिवारी पाण्यात सोडून बघायची असा नियम. एका जहाजावर नुसताच रंग देत. सोडायला गेलो तर हलेना. रंगानं कप्पी गच्च! दिसायला मात्र नवरी.

दादू : माझी होडी कपाटात आहे, कुलपात. दोन वर्षं दर शनिवारी कंप्युटरवरची नक्कल फ्लॉपीवर घेतोय. चारशे लाँची, कुणाला कुठल्या मापाचा पिस्टन, सगळं. तेच हातानं लिहिलेली तुमची कार्डं आता नुसती जागा अडवतात, म्हणून सहा गठ्ठे बांधून दारात ठेवलेत रद्दीला.

महिपत : अडवू देत की. नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले, मग सगळ्या लाँची समुद्रात. तेव्हा तुमचा कंप्युटर बंद पडला, तर चारशे इंजिनं उघडून मापं कोण घेणार? तुम्ही?

दादू : सगुणा, कर बाई ह्यांचं समाधान.

सगुणा : शेजारच्या बर्फवाल्यांचा कंप्युटर मागून आणलाय. आपला बुडाला असं धरायचं आणि ह्याच्यावर सगळं परत आणायचं. शेठ, किल्ली?

(सगुणा कपाटातली फ्लॉपींची पेटी उघडते.)

महिपत : काय गो, पांढरं काय तां?

सगुणा : बुरशी.

दादू : पुसून बघ.

सगुणा : पुसली. वाचत नाही. ही पण नाही. ही पण.

दादू : अगं, रोज उदबत्ती लावतो मी पेटीला!

महिपत : मग बुरशी सुवासिक असेल.

सगुणा : शेठ, रागावणार नसाल तर सांगते.

दादू : आता रागवायला काय शिल्लक आहे?

सगुणा : शनिवारी मी एक जादा नक्कल घरी नेते. सासूबाईंच्या पापडांच्या डब्यात ठेवते. पावसात आमच्याकडे तेवढीच जागा कोरडी. आज सोबत आणलीय.

दादू : माझा कारखाना पापडांत?

सगुणा : त्या डब्याला हात लावायची मामंजींचीसुद्धा छाती नाही.

महिपत : म्हणजे कुलपाहून बरं. घाल आत.

सगुणा : घातली... आली! बुरोंडीचे भागोजी, पिस्टन बदलला फेब्रुवारीत.

महिपत : फेब्रुवारीच. मीच दिला स्टोअरमधून काढून.

दादू : हुश्श! लिही सगुणा. एक नक्कल इथे, एक पापडांत, एक संगमेश्वरला माझ्या मेहुण्याकडे. आणि होडी दर शनिवारी पाण्यात. काका, तुमची कार्डं घरी घेऊन जा. असू देत.

महिपत : नेली.

दादू : कधी?

महिपत : आठवडा झाला. रोज थोडी थोडी, जेवणाच्या पिशवीतून.

दादू : मग दारातल्या सहा गठ्ठ्यांत काय आहे?

महिपत : वर एक कोरं कार्ड, खाली एक कोरं कार्ड. मधे जुने पेपर.

दादू : ...सगुणा, रद्दीवाल्याला आत बोलव. माल तयार आहे म्हणावं.